पन्नास पावलांची बंदूक

इद्रिसभाई,

हे पत्र तुमची नात नमिरा तुम्हांला वाचून दाखवील. नमिरा, तुला आधीच बजावते, एक ओळसुद्धा गाळायची नाही, आणि आजोबा मधे बोलायला लागले तरी थांबायचं नाही. ऑपरेशन त्यांच्या डोळ्यांचं झालंय, कानांचं नाही. ऐकू दे.

इद्रिसभाई, माणूस जिवंत असताना त्याच्याबद्दल चार बरे शब्द लिहायची आपल्याकडे रीत नाही. तो गेला की फोटोला हार घालून सगळ्यांना त्याचे गुण आठवतात. मला तेवढा धीर नाही. माझं एकाहत्तरावं वर्ष संपलं, आता कशाची वाट बघू? तुमच्या दुकानावरून मी बत्तीस वर्षं शाळेत गेले-आले आणि मला वाटायचं, इथे पाण्याचे पंप दुरुस्त होतात. तुम्ही कोण आहात ते मला गेल्या वर्षी, रमीबाईच्या बंदुकीच्या वेळी कळलं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. नुसते मानले तर तुम्ही हात झटकून म्हणाल, ‘त्यामा काय शे, बाई.’ म्हणून तुम्ही कुणी तिसरेच आहात असं धरून ती सगळी हकिगत तुमच्याच पुढ्यात सांगते. तुमच्या मनात काय होतं ते तुम्हीच ओट्यावर बसून मला सांगितलंत. जे लपवलंत ते तुमच्या घरातून, तबस्सुमभाभींनी सांगितलं.

ऐका.

*

विसरवाडीच्या चौफुलीवर, टायरवाले आणि ट्रकच्या नंबरपाट्या रंगवणारे यांच्या मधोमध इद्रिस मिस्तरीचं दुकान आहे. पुढच्या अर्ध्या भागात मुलगा अझरुद्दीन वेल्डिंग करतो. मागच्या अर्ध्यात, ठिणगी पोचणार नाही अशा कोपऱ्यात, बापाचं टेबल. त्याच्यावर भिंतीला बंदूक दुरुस्तीचा परवाना, काचेत बसवलेला. तो इद्रिसकडे वडलांकडून, आफताब मिस्तरींकडून आला. अझरुद्दीनला तो नको होता आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नवापूरच्या बाजूच्या डोंगरांत शेतराखणीच्या परवान्यावर जुन्या ठासणीच्या बंदुका आहेत, पण वर्षाकाठी त्यातल्या पाच-सहा दुरुस्तीला खाली उतरतात. तेवढ्यावर घर चालत नाही.

ज्यांनी ही बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग शिशाची गोळी सोडायची, लांब गजाने ठासून बसवायची, मागे ठिणगी पाडणारी पितळी टोपी लावायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा. पोलिसांच्या रायफलीला नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. ठासणीची नळी आतून पाइपासारखी गुळगुळीत. गोळी सुटते, पण कुठे जायचं ते तिचं ती ठरवते.

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने रमीबाई उतरली. पंचावन्नची, काटक, बोलायला कमी. तिने गोणपाटात गुंडाळलेली बंदूक इद्रिसच्या टेबलावर ठेवली, परवान्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून काढून शेजारी ठेवलं, आणि बाकावर न बसता उभीच राहिली.

“मिस्तरी, ही वाकडी झाली का बघा.”

“बस तर खरी. काय व्हयनं?”

“नवलसिंगच्या बैलाला गोळी लागली.”

अझरुद्दीनने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला.

रमीबाईचा नवरा दलपत माघ महिन्यात तापाने गेला. बंदूक त्याच्या बापाची. दलपतच्या माघारी परवाना तिच्या नावावर झाला, कारण मका तिच्याच नावावर उभा होता आणि रानडुकरं कुणाचं नाव बघत नाहीत. एक कळप एका रात्रीत अर्धा एकर झोपवतो. वनखात्याकडून रीतसर लेखी परवानगी काढून ती शेतातल्या माळ्यावर, मचाणावर बसली. पोळ्याच्या चार दिवस आधी, दिवस मावळायच्या आत डुकरं नाल्यातून वर आली. तिने नेम धरला, चाप दाबला. डुकरं पळाली. गोळी मात्र भलत्याच अंगाला, बांधापलीकडे बांधलेल्या नवलसिंगच्या बैलाच्या मागच्या मांडीत घुसली. बैल वाचला, पण लंगडा झाला. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल रंगवून मिरवले आणि नवलसिंगचा एक गोठ्यात उभा राहिला.

“तो भरपाई मागत नाही,” रमीबाई म्हणाली. “म्हणतो, त्याच वाटेने माझी पोरं शाळेत जातात, बंदूक ठाण्यात जमा कर. पंचांनी पंधरा दिवस दिलेत. बंदूक जिथे धरली तिथेच गोळी जाते असं समोर दाखवायचं. नाही दाखवलं तर जमा.”

“आणि जमा व्हयनी तं?”

“मग मका पेरायचाच कशाला?”

एवढंच बोलली. दोन एकर मका, तोच वर्षाचा घास. इद्रिसला पुढचं विचारायची गरज पडली नाही.

त्याने बंदूक उजेडाकडे धरली. नळी सरळ होती. घोडा ठीक, चाप जरा जड. मग त्याने तिच्या थैलीतली एक गोळी घेतली आणि रिकाम्या नळीत सोडली. गोळी दोन्ही बाजूंना आपटत, टणटण वाजत तळाला गेली. त्याने ती काढून पुन्हा एकदा सोडली.

गोळी सैल होती. सैल गोळी नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर पडते आणि शेवटी ज्या भिंतीला टेकली तिच्या उलट अंगाला निघून जाते. दर खेपेला वेगळ्या अंगाला. रमीबाईचा नेम कितीही चांगला असता तरी उपयोग नव्हता. आणि ती गोळी पाडायचा साचा इद्रिसनेच केलेला होता.

सात वर्षांपूर्वी दलपत येऊन म्हणाला होता, मिस्तरी, गोळी ठासता ठासता डुकरं घरी जाऊन जेवतात, जरा लवकर जाईल अशी करून द्या. इद्रिसने साचा बारीक केला. त्यात त्याला काही गैर वाटलं नव्हतं, कारण वडलांची शिकवणच तशी होती. आफताब मिस्तरींच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. तरुणपणी एक घट्ट गोळी नळीच्या अर्ध्यावर अडकली, त्यांना वाटलं तळाला बसली, चाप दाबला आणि नळी फुटली. तेव्हापासून त्यांचा कायदा एकच. गोळी स्वतःच्या वजनाने खाली गेली पाहिजे. इद्रिसने हा कायदा लहानपणी त्या तीन बोटांकडे बघत पाठ केला होता. नेम बिघडला तरी चालेल, पण हात शाबूत राहिला पाहिजे. बापाच्या भीतीपायी त्याने दुसऱ्याच्या बैलाला गोळी घातली, असं त्याचं त्यानेच नंतर मला सांगितलं.

अझरुद्दीन जवळ आला आणि हळूच म्हणाला, “अब्बा, दारू जास्त व्हयनी, इतलंच सांगा. बाईना हात, कोणी बी मानी.”

खरंच होतं. कुणीही मानलं असतं. बाईच्या हातात बंदूक, त्यात नवीन, दारू जास्त टाकली. पंच मान डोलावून उठले असते, आणि भिंतीवरच्या परवान्याला कुणी बोट लावलं नसतं.

इद्रिसने गोळी टेबलावर ठेवली. रमीबाईला म्हणाला, “तुन्हा हात बेस शे. गोळी सैल शे. हाऊ साचा मी करी दिधा. चूक मन्ही शे.”

रमीबाईने गोणपाटाची घडी केली. मग पहिल्यांदा बाकावर बसली.

“चहा सांगा मग,” ती म्हणाली.

*

पुढचे चौदा दिवस इद्रिस एक दिवसाआड साडेसातच्या बसने तिच्या पाड्यावर जात होता. गावचे पोलीसपाटील दगाभाऊ यांना सांगून नाल्याच्या उंच मातीच्या काठाला जुने पेपर टोचले, कोळशाने गोल काढले. रेतीच्या पोत्यावर बंदूक टेकवून रमीबाईने पहिल्या पाच गोळ्या जुन्या पद्धतीने मारल्या. चाळीस पावलांवरून. पाचांतली एक पेपरला लागली, तीही कोपऱ्याला. बाकीच्या कुठे गेल्या ते नाल्यालाच ठाऊक.

“पाच गोळ्या, पाच गावं,” इद्रिस म्हणाला.

“एक तरी पेपर वाचून गेली,” रमीबाई म्हणाली. ती विनोद करते हे इद्रिसला त्या दिवशी समजलं.

आधी दारू. डोंगरात सगळ्यांची समजूत अशी की जास्त दारू म्हणजे जास्त लांब, आणि जास्त लांब म्हणजे जास्त सरळ. इद्रिसने पितळेचं एक माप कापून दिलं आणि सांगितलं, दर खेपेला हेच, सपाट, वर ढीग नाही. एवढ्यानेच गोळ्या थोड्या जवळ आल्या. मग चाप. तो इतका जड की दाबताना अख्खी बंदूक उजवीकडे ओढली जायची. तो त्याने घासून हलका केला, पण नुसत्या धक्क्याने सुटणार नाही इतपतच. नेम धरायची मागची खाच तर या बंदुकीला नसतेच, पुढे नळीच्या टोकावर नुसती एक माशी, म्हणजे धातूचा दाणा. नेम धरणार कशातून? त्याने नळीच्या मागच्या स्क्रूची खाच उभी फिरवली, की खाचेतून माशी दिसावी. रमीबाई दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरते. त्याने तिला एक डोळा मिटायला सांगितलं, तर म्हणाली, “एकाने डुक्कर बघते, दुसऱ्याने नवलसिंगचा बैल.” त्याने तो विषय सोडून दिला.

खरं काम गोळीचं होतं. शेजारच्या एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेकडून त्याने व्हर्नियर कॅलिपर मागून नेला. (ती कोण ते सांगत बसत नाही. परत करताना त्याला ग्रीस लागलेलं होतं, एवढंच सांगते.) नळीचं तोंड मोजलं, नवा साचा केला. पहिल्यापेक्षा मोठा, पण नळीपेक्षा किंचित लहान, आणि ती किंचित जागा भरायला गोळीभोवती तेल लावलेली कापडाची चकती. कापडाने गोळी मधोमध धरली जाते, भिंतीला आपटत नाही. सांगायला सोपं. आता कापड कोणतं? खादी घातली तर गोळी आत जाईना. टेरिकॉट जळून चिकटलं. मांजरपाट फाटलं. इद्रिस दर गोळीनंतर गुडघ्यावर बसून गवतातून उडालेली चकती शोधायचा आणि हकीम नाडी बघतो तसा तिच्याकडे बघायचा. मधे जळली असेल तर तेल कमी, कडेला फाटली असेल तर कापड कमजोर, नुसती काळी आणि अखंड असेल तर अल्लाची मेहेरबानी.

अखंड चकती दहाव्या दिवशी मिळाली. कापड गादीच्या खोळीचं होतं, निळ्या पट्ट्यांचं, घट्ट विणीचं, पंचवीस वर्षं अंगाखाली घासून मऊ झालेलं. आदल्या दुपारी तबस्सुमभाभी खोलीत आल्या तर नवरा कात्री घेऊन पलंगावर बसलेला.

“बंदूक को गादी, और मेरे को चटाई?”

“एकच कोपरा.”

“कोपरा? ये कोपरा है? मेरा पूरा डोका इधर आता है!”

इद्रिसने कोपरा नेलाच. तेल रमीबाईने काढलं, मोहाच्या बियांचं. हवा गार झाली की ते तुपासारखं थिजतं. चकतीवर चोळलं की टिकतं, ओघळत नाही. दहाव्या दिवशी चाळीस पावलांवरून पाच गोळ्या पडल्या त्या एका ताटाखाली झाकल्या गेल्या असत्या. रमीबाई पेपरजवळ गेली, भोकांवर एकेक बोट ठेवलं. एकाच हाताची पाचही बोटं. तशीच उभी राहिली.

“दलपतने कधी डुक्कर मारलं नाही,” ती म्हणाली. “सगळे हसायचे त्याला. त्याचा नेम वाईट नव्हता तर.”

“नई. तो बी मन्हाच साचा व्हता.”

पण इद्रिसला त्या दिवशी आनंद झाला नाही. घरी जेवला नाही. आता गोळी स्वतःच्या वजनाने खाली जात नव्हती, ठासावी लागत होती. म्हणजे ती अडकू शकत होती. रमीबाईच्या उजव्या हाताची पाचही बोटं त्याने नुकतीच पेपरवर मोजली होती. एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला बोटं, आणि मधे बापाचा कायदा त्याने स्वतः मोडलेला.

बाराव्या दिवशी तो गेला तो कानस घेऊन. माप भरून दारू, वर गोळी, तळाला नीट बसेपर्यंत ठासली, आणि गज आतच ठेवून, नळीच्या तोंडाशी गजावर बरोबर एक खाच मारली.

“ही खूण देख. नळीना तोंडशी उनी तं गोळी तळाले बसनी. खूण वर ऱ्हायनी, एक जवाएवढी बी वर ऱ्हायनी, तं चाप नई. डुक्कर अंगावर उनं तरी नई. कबूल?”

“कबूल.”

“दलपतनी आन?”

“त्याची कशाला? माझी आहे ना.”

*

पंधरावा दिवस रविवार. चर्चची प्रार्थना आटोपून गाव नाल्याकाठी जमलं. दगाभाऊंनी लोकांना दोरीच्या मागे उभं केलं. तीन मडकी नवलसिंगने स्वतः आणली होती, स्वतः चुन्याने पांढरी केली होती, म्हणजे नंतर कुणी वाद घालायला नको. ठरलं असं की पन्नास पावलांवर तीन मडकी, तीन गोळ्या. दोन फुटली तर बंदूक राहील.

“मिस्तरी, बाईला चष्मा दिला का?” मागून कुणीतरी ओरडलं.

“तुले देस, तुन्ही बायको दिसत नई वाटतं,” इद्रिस न वळता म्हणाला. लोक हसले. नवलसिंग हसला नाही.

पहिली गोळी. मडकं फुटलं, नुसती कड मातीत रोवलेली उरली. पोरांनी आरडाओरडा केला. रमीबाईने मान वर केली नाही. नळी पुसली, माप भरलं, चकती, गोळी, गज. ठासलं. आणि थांबली.

“मिस्तरी, खूण वर आहे.”

नळीच्या तोंडापासून दोन बोटं वर होती. पहिल्या बाराची काजळी नळीत साठली होती. इद्रिसने दोरी उचलली. तो पुढे धावणार तोच तिने हात आडवा केला. टोपी लावलेली नव्हती, घोडा खाली होता. तिने बंदुकीचं तोंड आकाशाकडे, अंगापासून दूर धरलं आणि गज हळूहळू, सारख्या जोराने दाबायला सुरुवात केली. लोक कंटाळले. “अगं ए काकी, मका पिकून वाळला!” “झोप लागली का?” नवलसिंग पंचांना म्हणाला, “ही बघा हिची बंदूक. तोवर डुकरं गुजरातेत पोचतील.” रमीबाई दाबतच राहिली. इद्रिस मला म्हणाला होता, त्या वेळी त्याला नळी दिसत नव्हती, फक्त तिची बोटं दिसत होती. खूण सरकली, सरकली, तोंडाशी आली. तिने गज काढून गवतात ठेवला, टोपी लावली, नेम धरला. दुसरं मडकं फुटलं.

दोन झाली. म्हाताऱ्या पंचाने उठायला काठी टेकली. “झालं. बंदूक राहिली.”

तेवढ्यात इद्रिस पुढे आला. “नई झालं. तिसरं मडकं जठे बैल व्हता तठे ठेवा.”

“मिस्तरी, ते सत्तर-बहात्तर पावलं होईल,” दगाभाऊ म्हणाले. “जिंकलेलं कशाला घालवता?”

“ठेवा तर.”

रमीबाईने त्याच्याकडे बघितलं. नळी पुसली, माप भरलं, खूण बघितली, नेम धरला. गोळी मडक्यापासून दीड हात डावीकडे मातीत घुसली.

कुणी हसलं नाही. नवलसिंग दोरीखालून वाकून पुढे आला. “मिस्तरी, तुम्ही आहात तरी कोणाच्या बाजूचे?”

“मी कोन्हाच बाजूना नई. गोळी जठलोंग मन्हं ऐकस तठलोंग मी जिम्मा लेस. पन्नास पावलं. त्याना पुढे ही नळी कोन्हंच ऐकस नई, मन्हं बी नई.” मग त्याने खिशातून जुनी गोळी काढून नवलसिंगच्या हातावर ठेवली, आणि साचा कसा केला, कुणासाठी केला, का केला, ते सगळ्या गावासमोर सांगितलं. वडलांच्या बोटांचंही सांगितलं, पण सबब म्हणून नव्हे. “तुन्हा बैलले मी लंगडा कया, नवलसिंग. हाई बाईनी नई.”

मागे अझरुद्दीन उभा होता. बापाला मोटरसायकलवरून त्यानेच आणलं होतं. त्याने डोळे मिटून घेतले, असं तो स्वतः सांगतो.

नवलसिंगने गोळी बोटांत फिरवली. “दोन मडकी फुटली तेव्हा मला वाटलं, मिस्तरीने काहीतरी करामत केली,” तो म्हणाला. “गावासमोर फुटतील आणि माळ्यावर गेली की पुन्हा तेच. पण मुद्दाम चुकून दाखवणारा माणूस मी बघितला नव्हता.” पंचांकडे वळून म्हणाला, “माळ्यापासून पन्नास पावलांवर दगड पुरा. दगडाच्या अलीकडे असेल तरच बार. पलीकडे डुक्कर असो नाहीतर वाघ असो, नाही. आणि मी माझा खुंटा बांधापासून मागे घेतो.”

“पुरू,” रमीबाई म्हणाली.

दगड त्याच संध्याकाळी पुरले. चार दगड, चुना लावलेले. पहिला नवलसिंगने उचलला.

त्या हंगामात तिने एकच डुक्कर मारलं, दगडाच्या अलीकडे, परवानगीच्या मुदतीत, आणि वनखात्याला रीतसर कळवलं. कळपाने वाट बदलली. मका घरात आला. दगाभाऊ सांगतात, नवलसिंगची मुलं आता शाळेत जाताना त्या दगडांवरून उड्या मारतात आणि तिच्या माळ्याकडे बघून ओरडतात, “काकी, आम्ही पलीकडे आहोत!”

आभार वगैरे रमीबाई कधी बोलली नाही. मक्याचं एक पोतं बसच्या टपावरून आलं. मग चैत्रात ती स्वतः आली, डोक्यावर सावरीच्या कापसाचं हे एवढं गाठोडं. दुकानात न थांबता सरळ घरात गेली आणि तबस्सुमभाभींना म्हणाली, “तुमचा कोपरा.” दोघींनी मिळून दोन दिवस गादी भरली. भाभी म्हणतात तशी झोप त्यांना माहेरीसुद्धा आली नव्हती.

*

इद्रिसभाई, इथवर ऐकलंत ना? नमिरा, पाणी दे त्यांना आणि पुढे वाच.

मी तुमची ऋणी आहे ती बंदुकीसाठी नव्हे. मला बंदुका आवडत नाहीत, तुम्हांला माहीत आहे. मी शाळेत इतकी वर्षं पोरांना सांगत आले, प्रयोग फसला तर फसला असं लिहा, आकडे बदलू नका. दरवर्षी पोरं आकडे बदलायची. मी रागवायची, गुण कापायची, आणि मनातून म्हणायची, जगच असं चालतं. त्या रविवारी तिसऱ्या गोळीनंतर मी दोरीमागे उभी होते. मला माझे सगळे जुने तास परत मिळाल्यासारखं वाटलं. एवढंच. याहून जास्त लिहिलं तर मलाच वाचवणार नाही.

आता उरलेलं. गादी भरून झाली त्या संध्याकाळी तुम्ही ओट्यावर आलात आणि म्हणालात, बाई, दलपतसारखा साचा मी आणखी सहा जणांना करून दिलाय, पत्रं लिहून द्या. मी सहा पत्रं लिहिली. साचा घेऊन या, बदलून मिळेल, तोवर बार काढू नका. पाच जण आले. सहावा जान्या, खापर गावाच्या पलीकडे डोंगरात राहणारा. त्याचं पत्र परत आलं, म्हणजे आपली गोळी सैल आहे हे त्याला अजून ठाऊकच नाही. फोन लागत नाही, घरची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात-येतात. तुम्ही म्हणालात, आपणच जाऊ, खापरला आठवड्याच्या बाजारात कुणीतरी त्याच्या पाड्याचं भेटेल. दिवस ठरला. त्या दिवशी माझा गुडघा धरला. पुढच्या आठवड्यात तुमच्या घरी पाहुणे. मग पाऊस, मग तुमचं ऑपरेशन, मग डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती. मी एकटी बसस्टँडवर गेले होते एकदा, हे तुम्हांला सांगितलं नव्हतं. गाडी लागली होती. साच्याचं माप मला नीट समजावता येणार नाही असं स्वतःला सांगून मी परत आले. खरं म्हणजे ऊन फार होतं.

तुम्ही केलेला नवा साचा माझ्या कपाटात आहे, जान्याच्या नावाची चिठ्ठी बांधलेला. खापरला आपण गेलो नाही.